गाय परत उलटली? पिशवी धुण्याआधी वही उघडा

गेली अठरा वर्षे मी संगमनेर-अकोले भागात गायींना कृत्रिम रेतन करतो. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच आहे. "दादा, गाय परत माजावर आली हो. ही चौथी खेप. आता एकदाची पिशवी धुवूनच टाका." भरवलेली, म्हणजे रेतन केलेली, गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली की ती "उलटली" म्हणतात, आणि पिशवी म्हणजे गर्भाशय.

पूर्वी असा फोन आला की मी लगेच डॉक्टरांना बोलावून घ्यायचो. पिशवीत औषध सुटायचं, पैसे जायचे आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा हंबरायची. आता मी आधी विचारतो, "वही आहे का? मागच्या वेळी कोणत्या तारखेला भरवली होती?" दोष पिशवीत असतो, नाही असं नाही. पण तिथवर पोचायच्या आधी फुकटात किंवा थोड्या पैशात तपासता येण्यासारख्या सहा गोष्टी असतात, आणि बऱ्याच गायी त्यातल्या पहिल्या दोन-तीन गोष्टींतच सुटतात.

हिशोब करून बघा. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला वासरू हवं असेल तर व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आत ती गाभण राहायला पाहिजे. एकदा उलटली की २१ दिवस गेले. चारदा उलटली की ८४ दिवस. तेवढ्या दिवसांची वैरण, पेंड, मजुरी चालूच राहते आणि दूध मात्र आटत जातं. मग कोणीतरी म्हणतं, "भाकड झाली, बाजार दाखवा." काही दोष नसलेल्या गायी अशा टेम्पोत चढताना मी पाहिल्या आहेत. त्या आठवल्या की अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं जुळतात का बघा

- तीन किंवा जास्त वेळा भरवूनही गाय गाभण राहिलेली नाही.
- दर १८ ते २४ दिवसांनी ती नियमित माजावर येते.
- सोट, म्हणजे माजावर योनीतून गळणारा चिकट स्राव (काही भागांत बळस म्हणतात), काचेसारखा स्वच्छ दिसतो.
- खाणं, रवंथ, दूध सगळं ठीक आहे. वरून बघून आजारी वाटत नाही.

तुमची गाय अशी असेल तर पुढे वाचा. व्यायल्यावर तीन-तीन महिने ती माजावरच येत नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची कारणंही वेगळी असतात. पहिल्यांदाच भरवायची कालवड असेल तर एक गोष्ट आधी आठवून बघा: ती जुळी होती का, आणि सोबतचं वासरू गोऱ्हा होतं का? तसं असेल तर अशा दहापैकी नऊहून जास्त कालवडी जन्मतःच वांझ असतात. पोटात असताना दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि कालवडीची जननेंद्रियं नीट वाढत नाहीत. तिच्यावर रेतनाचा खर्च करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पहिली तपासणी: दोन माजांमधलं अंतर

खर्च एका वहीचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. "गेल्या अमावस्येच्या आसपास" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.

अंतर का महत्त्वाचं, ते आधी समजून घ्या. माज संपला की बीज बाहेर पडतं आणि त्या जागी बीजांडावर एक पिवळी गाठ तयार होते. गर्भ टिकवणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, तीच गाठ बनवते. सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय ठरवतं की गाठ ठेवायची की विरघळवायची. पोटात गर्भ असेल तर तोच एक प्रथिन सोडून निरोप पाठवतो, "मी आहे, गाठ ठेवा." हा निरोप नेमका कोणता, हे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात उलगडलं. निरोप आला नाही की गाठ विरघळते आणि एकविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माज येतो.

आता वहीतल्या तारखा लावून बघा.

अंतर १८ ते २४ दिवस असेल तर एक तर बीज फळलंच नाही, किंवा फळलं पण निरोप पाठवण्याआधीच गर्भ मेला. अशा वेळी दोष बहुतेक वेळेत, रेतनात, उन्हात किंवा खुराकात सापडतो.

अंतर २५ ते ३५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि दर खेपेला कमी-जास्त होत असेल, तर गर्भ ठरला होता आणि नंतर गेला, अशी शंका घ्यायची. इथे जंतुसंसर्गाचा संशय वाढतो. ही गाय लवकर डॉक्टरांना दाखवा.

अंतर ३६ ते ४८ दिवस असेल तर बहुतेक वेळा मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटलेला असतो. गाईचा दोष नाही.

अंतर १७ दिवसांहून कमी असेल तर दोनपैकी एक माज खोटा धरला गेला असेल, किंवा बीजांडावर पाण्याची गाठ असू शकते. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर डॉक्टर.

वहीत आणखी एक नोंद करा. माजानंतर दोन-तीन दिवसांनी काही गायींच्या, विशेषतः कालवडींच्या, शेपटीला रक्ताचा डाग लागतो. लोक घाबरून फोन करतात, "गर्भ पडला का?" तसं काही नसतं. माज येऊन गेला एवढाच त्याचा अर्थ, गाभण राहिली की नाही ते त्यावरून कळत नाही. पण ज्या गाईचा माज कधीच पकडता येत नाही, तिच्या बाबतीत हा डाग फार कामाचा आहे. त्या दिवसापासून अठरा-एकोणीस दिवसांनी गाईवर नजर ठेवा.

दुसरी तपासणी: माज दिसला कधी आणि सुरू झाला कधी

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गायी इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. तो संपल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं आणि सुटल्यावर त्याची ताकद फक्त आठ-दहा तास राहते. शुक्राणू आत गेल्यावर लगेच फळवायला तयार नसतात, त्यांना तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून शुक्राणू आधी पोचून थांबलेले हवेत आणि बीज नंतर यायला हवं. यावरूनच सगळ्यांना पाठ असलेला नियम आला: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ट्रिंबर्गर यांनी १९४० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हा नियम आला, आणि तो बरोबर आहे. पण त्यांच्या प्रयोगात गाईंवर वारंवार नजर ठेवली जात होती. आपण गोठ्यात कधी जातो? धारेच्या वेळी. सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला.

एका मळ्यातली गोष्ट सांगतो. काळी-पांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, दुसरं वेत, दिवसाला अठरा लिटर दूध. पाच वेळा उलटली. तारखा अगदी घड्याळासारख्या, २१, २१, २०, २२. सोट स्वच्छ. डॉक्टरांनी तपासली, पिशवी निकोप. दर वेळी सकाळच्या धारेला शेपटीवर सोट दिसायचा, सात वाजता मला फोन यायचा आणि नियमाप्रमाणे मी संध्याकाळी जाऊन भरवायचो. माझ्या दृष्टीने सगळं बरोबर चाललं होतं.

सहाव्या खेपेला त्या घरच्या सूनबाईंना मी म्हटलं, "ताई, विसाव्या दिवसापासून रात्री जेवणं झाली की बॅटरी घेऊन गोठ्यात दहा मिनिटं उभ्या राहा. काही करू नका, फक्त बघा." त्यांनी विसाव्या रात्री साडेनऊला फोन केला. बाकीच्या दोन गायी बसून रवंथ करत होत्या. ही एकटीच उभी, कान टवकारलेले, शेजारच्या गाईच्या पाठीवर हनुवटी टेकवत होती. योनी सुजलेली आणि ओठ उचलून पाहिल्यावर आतून लाल. ती मघाशी बसली होती त्या जागी फरशीवर तळहाताएवढा सोटाचा ओला डाग. माज संध्याकाळीच सुरू झाला होता. सकाळी पाचला जो दिसायचा तो अर्धा संपलेला माज, आणि मी त्यात अजून बारा तास घालवत होतो. माझा हात पोचेपर्यंत बीज सुटायची वेळ जवळ आलेली असायची. त्या खेपेला मी सकाळी साडेसहाला भरवली. ती गाभण राहिली आणि पुढे तिला कालवड झाली.

तेव्हापासून मी नियम असा सांगतो: "दिसला" आणि "सुरू झाला" या दोन वेगळ्या वेळा आहेत. सकाळी सोट दिसला की आदल्या रात्री शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवा. रात्री नऊला पाहिली होती आणि तेव्हा गाय शांत होती, तर संध्याकाळी भरवणं ठीक. आदल्या संध्याकाळच्या धारेनंतर कुणी पाहिलंच नसेल, तर दुपारपर्यंत वाट बघू नका, सकाळीच बोलवा.

बघायच्या वेळा तीन: पहाटे धारेआधी, संध्याकाळी, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. गोठ्यात झाडलोट किंवा वैरण टाकणं चालू असताना बघितलेलं धरू नका, कारण तेव्हा सगळ्याच गायी अस्वस्थ असतात. माजाची सर्वांत पक्की खूण म्हणजे दुसरी गाय पाठीवर चढली तरी ती निमूट उभी राहते. दुसऱ्यांवर चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, चढू देणारी असते. कायम दावणीला बांधलेल्या गाईत ही खूण दिसतच नाही. मुक्त संचार गोठा करणं जमत नसेल तर निदान विसाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास गायी मोकळ्या सोडा. बांधलेल्या गाईत वारंवार थोडी थोडी लघवी, शेपूट वर धरणं, अचानक लिटर-दोन लिटर दूध कमी होणं आणि सोट, यांवर लक्ष ठेवायचं.

काही गायींचा माज दीड दिवसाहूनही लांबतो आणि बीज उशिरा सुटतं. अशा गाईला चोवीस तासांनी पुन्हा एकदा भरवलं तर बऱ्याचदा काम होतं. तेवढ्यानेही जमलं नाही तर डॉक्टर रेतनाच्या वेळी संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. ते त्यांनीच ठरवायचं.

तिसरी तपासणी: सोट ताटात घेऊन बघा

गाय बसली की सोट गळतो. तो स्टीलच्या स्वच्छ ताटात घ्या आणि उजेडात धरा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, बोटाने उचलला तर न तुटता लांब तार निघणारा, तो चांगला. त्यात दह्याच्या कणासारखे पांढरे ठिपके, पिवळसर झाक किंवा घाण वास असेल तर गर्भाशयाला सूज आहे. अशा माजात गाय भरवू नका. रेताची कांडी वाया जाते आणि आतला जंतू आणखी पुढे ढकलला जातो. हा माज सोडा आणि डॉक्टरांना बोलवा.

स्वच्छ सोट म्हणजे पिशवी शंभर टक्के निरोगी, असं मात्र समजू नका. आतली सौम्य सूज डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर सोटात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण मिसळून गरम करतात, पिवळा रंग आला तर दोष आहे. दोन मिनिटांची आणि अगदी स्वस्त तपासणी आहे. पिशवीत औषध सोडायच्या आधी ती करून घेतलीत का, हे जरूर विचारा.

चौथी तपासणी: भरवताना माझ्यासारख्यावर लक्ष ठेवा

हे मी माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल लिहितोय, कारण गाय तुमची आहे आणि बघायचा हक्क तुम्हाला आहे.

रेताच्या कांड्या द्रव नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला असतात. कांडी बाहेर काढल्यावर ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद वितळवायची असते. पाणी किती गरम आहे ते थर्मामीटरने बघायचं, बोटाने नाही. खिशात, बगलेत किंवा दोन हातांत चोळून वितळवलेल्या कांडीतले बरेच शुक्राणू मरतात. वितळवलेली कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारतो. मग ती लगेच वापरायची. उन्हात गप्पा मारत उभं राहायचं नाही. नंबर वाचायला कांडी भांड्याच्या तोंडाबाहेर काढून परत आत सोडणं हेही नुकसानीचं, आणि ते नुकसान दर वेळी वाढत जातं.

गाईची मागची बाजू स्वच्छ पाण्याने धुऊन कागदाने कोरडी केली का? नळी नवी होती का? रेत गर्भाशयमुखाच्या जरा आत, गर्भाशयाच्या सुरुवातीला सोडायचं असतं. घाईत ते अलीकडेच सोडलं जातं. दोनदा उलटली की निमूटपणे दुसऱ्या माणसाकडून एकदा भरवून बघा. मला कुणी असं केलं तर मी राग धरत नाही.

उलटणाऱ्या गाईला लिंगनिश्चित रेतमात्रा (बहुतेक कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं रेत) वापरू नका. तिच्यात शुक्राणूंची संख्या साध्या कांडीपेक्षा खूप कमी असते, गाभण राहण्याचं प्रमाणही कमी. ती निरोगी कालवडींसाठी ठेवा. "कांडीनं जमत नाही" म्हणून गावातल्या मोकाट वळूकडे गाय नेऊ नका. तो गावभरच्या गायींवर गेलेला असतो, आणि वळूपासून पसरणारे काही रोग असे आहेत की गाय बाहेरून ठणठणीत दिसते, फक्त गर्भ लवकर मरतो आणि ती उलटत राहते. मग आजार एका गाईतून अख्ख्या गोठ्यात येतो.

आणि एक. गाभण असलेल्या काही गायीही माजासारखी लक्षणं दाखवतात. वहीत रेतनाची तारीख असूनही गाय दोन-तीन महिन्यांनी "माजावर आली" तर भरवायच्या आधी हात घालून तपासून घ्या. गाभण गाईच्या गर्भाशयात नळी घातली तर गर्भ जातो.

पाचवी तपासणी: ऊन

मार्च ते जून या काळात उलटणाऱ्या गायींची संख्या दरवर्षी वाढते. एचएफ ही थंड मुलखातली गाय. फळल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भ उष्णतेला सगळ्यात हळवा असतो, म्हणजे भरवल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जपायचे.

तपासणी सोपी आहे. दुपारी दोन वाजता गाईच्या कुशीकडे बघत मोबाइलवर एक मिनिट लावा आणि श्वास मोजा. ६० च्या वर गेले तर तिला उन्हाचा त्रास होतोय. छताला पांढरा रंग द्या किंवा वर उसाचं पाचट टाका, अंगावर पाणी मारून पंखा लावा. नुसतं पाणी मारून वारा नसेल तर गोठ्यात दमटपणा वाढतो आणि त्रास उलट वाढतो. पाणी चोवीस तास समोर हवं, दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला सहज ८० ते १०० लिटर पिते. वैरणीचा मोठा भाग रात्री आणि पहाटे टाका. भरवायला गाय उन्हातून चालवत नेऊ नका.

सहावी तपासणी: गव्हाण

इथे पैसे लागतात आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ही तपासणी इतक्या उशिरा. पण महत्त्व कमी नाही.

गाईच्या मागे उभं राहून माकडहाड आणि बरगड्या बघा. व्यायल्यावर पहिले दोन महिने ती जेवढं दूध देते तेवढं खाऊ शकत नाही, अंगावरची चरबी वितळवून दूध बनवते. हे सगळ्याच गायींत होतं. पण व्यायच्या वेळी गुबगुबीत असलेली गाय दीड महिन्यात हाडं दाखवू लागली तर तिचं शरीर नवा गर्भ सांभाळायला तयार नसतं. म्हणून व्यायल्यापासून ६० दिवसांच्या आत घाई करून भरवू नका. गर्भाशय मूळ आकाराला यायलाच चाळीसेक दिवस लागतात.

दुसरं टोक म्हणजे प्रथिनांचा अतिरेक. दूध वाढावं म्हणून सरकी, शेंगदाणा पेंड, वर भरपूर लसूणघास, आणि मका-ज्वारीसारखं शक्ती देणारं धान्य मात्र कमी. जास्तीच्या प्रथिनांचा अमोनिया होतो, त्याचा युरिया बनतो आणि तो रक्तातून गर्भाशयापर्यंत पोचतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात बटलर यांनी दाखवलं की दुधातला युरिया नायट्रोजन १९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेला की गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. दुधाची ही तपासणी काही संघांत होते, विचारून बघा.

आपल्या ऊस पट्ट्यात तोडणीच्या हंगामात महिनोन्महिने वाढ्यावर (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर) गायी काढतात. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढं नुसतं देऊ नका. कडबा, मुरघास, द्विदल चारा यांत मिसळून द्या आणि खनिज मिश्रण चुकवू नका. दुभत्या गाईला साधारण ५० ते १०० ग्रॅम रोज, पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणात. एक दिवस दिलं, आठ दिवस नाही, असं केल्याने काही होत नाही.

गाय माती चाटते, चिंध्या, दोरी, चपला चघळते का? मग स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असू शकते. दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थायलर यांनी याचाच अभ्यास केला होता. तिथल्या कुरणांत स्फुरद इतकं कमी होतं की गायी मेलेल्या जनावरांची हाडं चघळायच्या आणि त्यातून विषबाधा होऊन मरायच्या. स्फुरद पुरवल्यावर गायींची वाढही सुधारली आणि वेतंही. चपला चघळणारी गाय ही त्या आफ्रिकेतल्या गाईची जवळची नातलग आहे. तिला हाकलू नका, तिच्या गव्हाणीत बघा.

मुरघास किंवा मक्याला बुरशी लागली असेल तर तो फेका. मक्यावरच्या एका बुरशीचं विष गाईच्या शरीरात माजाच्या संप्रेरकासारखं काम करतं. योनी सुजते, माज दिसतो, पण बीज नीट पिकत नाही. अशा गायी मी दोन गोठ्यांत पाहिल्या. मुरघास बदलला आणि पुढच्या दोन महिन्यांत चक्र सुधारलं.

जंतनाशक वेळेवर द्या, गोचीड काढा. यावर जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हशीसाठी थोडं वेगळं

म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर फारच. तिचा हंगाम दिवस लहान होऊ लागल्यावर, पावसाळा सरताना सुरू होतो. सोट कमी असतो आणि बहुतेकदा ती बसल्यावर पडतो. मे महिन्यात म्हैस उलटली म्हणून लगेच तिला वांझ ठरवू नका. डुंबायला पाणी आणि सावली द्या आणि भाद्रपद-आश्विनात पुन्हा प्रयत्न करा.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

वरचं सगळं नीट करूनही गाय पुढच्या दोन माजांत उलटली, तर पुढे स्वतः काही करू नका. खालीलपैकी काही असेल तर एवढीही वाट बघू नका:

- सोटात पू, रक्तमिश्रित घाण किंवा दुर्गंधी.
- मागच्या वेळी वार अडकली होती, वासरू ओढून काढावं लागलं होतं किंवा अंग बाहेर आलं होतं.
- माजाचं अंतर दर खेपेला वेगळं, किंवा गाय सतत माजावरच.
- सहाव्या ते नवव्या महिन्यात गर्भपात झाला असेल.

शेवटच्या मुद्द्याबद्दल कळकळीने सांगतो. उशिराच्या गर्भपातात ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य रोगाची शक्यता असते आणि तो माणसाला होतो. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका. हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. गर्भार बाईला त्या गोठ्यात जाऊ देऊ नका. रक्त तपासणीसाठी पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नमुने पाठवता येतात, तुमचे डॉक्टर ते करतील. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदाच टोचायची असते. २०१९ पासून केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते, तुमच्या गावात लसीकरण कधी आहे ते विचारून ठेवा.

आणि मेडिकलमधून माज आणायचं इंजेक्शन आणून घरी टोचू नका. प्रोस्टाग्लँडिनचं ते इंजेक्शन गाभण गाईला दिलं तर गर्भ पडतो. ते कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून गर्भवती बाई आणि दम्याच्या माणसाने त्या बाटलीला हातही लावू नये. पिशवीत आयोडीन सोडणंही तसंच, निरोगी गर्भाशय त्याने भाजतं.

डॉक्टर आले की ते हाताने किंवा सोनोग्राफीने बीजांडं आणि गर्भाशय तपासतील. गरज पडली तर सोटाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते बघतील. गावात डॉक्टर नसतील तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करता येतो. त्यांच्या हातात तुमची वही द्या: व्यायल्याची तारीख, वार पडली की अडकली, प्रत्येक माजाची आणि रेतनाची तारीख व वेळ, कांडीवरचा वळूचा नंबर, सोट कसा होता, आधी कोणती औषधं झाली. वही असली की डॉक्टरांची अर्धी तपासणी तिथेच होते.

पुढचा माज आला, बरोबर वेळी भरवली आणि एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी गाय शांत राहिली, तरी लगेच पेढे वाटू नका. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रात्रीचं बघणं चालू ठेवा, आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान गर्भ तपासणी करून घ्या. ती तारीखही आजच वहीत लिहून ठेवा.